एका दिवसातील थेबेस : राजांची थडगी, मंदिरे आणि कारागिरांचे गाव

प्रस्तावना

नाईल नदीच्या काठी वसलेले आजचे लक्सर शहर म्हणजे प्राचीन इजिप्तमधील थेबेस नगरी होय. १९७९ मध्ये युनेस्कोने प्राचीन थेबेस व तेथील दफनभूमीचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. येथे येणारे अनेक पर्यटक नदीचा पश्चिम तीर मार्गदर्शकाच्या सोबतीने एका दिवसात पाहतात. सकाळी राजांची दरी, त्यानंतर राणी हातशेप्सुतचे मंदिर आणि परतताना मेम्नॉनचे पुतळे, असा या सहलीचा सर्वसाधारण क्रम असतो. या क्रमातून इतिहासाचे कोणते आकलन घडते व कोणते निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थडगे आणि मंदिर

इ.स.पू. सोळाव्या ते अकराव्या शतकापर्यंत, सुमारे ५०० वर्षे, इजिप्तच्या राजांचे दफन या दरीत होत असे. येथे ६० हून अधिक थडगी ज्ञात आहेत. पिरॅमिडसारखी दुरून दिसणारी खूण टाळून ती डोंगराच्या पोटात खोदण्यात आली. दफनानंतर थडगे बंद केले जाई. राजाची पूजा व नैवेद्य मात्र डोंगराच्या अलीकडे, नदीच्या बाजूस बांधलेल्या स्मृतिमंदिरात चाले. थडगे व मंदिर ही अशा रीतीने एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. हातशेप्सुतचे मंदिर ज्या कड्याच्या पायथ्याशी आहे, त्याच कड्याच्या पलीकडे दरीत तिचे थडगे आहे. सहलीत मात्र ही दोन स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळे ठरतात. मेम्नॉनचे पुतळेही वस्तुतः राजा तिसरा आमेनहोतेप याचे असून ते त्याच्या स्मृतिमंदिराच्या प्रवेशद्वारापाशी बसविलेले होते. मंदिराचा बहुतांश भाग नष्ट झाला, आणि सुमारे १८ मीटर उंचीच्या या पुतळ्यांना एका ग्रीक पुराणकथेतील वीराचे नाव चिकटले.

कारागिरांचे गाव

या दोन अंगांना जोडणारा दुवा म्हणजे देर अल-मदिना हे गाव. दरीतील थडगी खोदणारे व रंगविणारे कारागीर येथे सहकुटुंब राहत. तटबंदीच्या आत सुमारे ७० घरांचे अवशेष आहेत. दगडाच्या कपच्यांवर व खापरांवर लिहिलेल्या हजारो नोंदींतून त्यांच्या कामावरील हजेरीची, कर्जाची, भांडणांची माहिती मिळते. तिसऱ्या रामेसिसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५० च्या सुमारास, धान्यरूपी वेतन थकल्यामुळे या कारागिरांनी काम थांबविले आणि ते स्मृतिमंदिरांपाशी जाऊन बसले. या संपाची नोंद असलेला पपायरस इटलीतील तुरिन येथील संग्रहालयात आहे. उपाशी कारागीर मंदिराकडेच का गेले, या प्रश्नाचे उत्तर मंदिरांच्या आवारातील धान्यकोठारांत सापडते. मंदिर हे उपासनास्थान होते, तसेच ते धान्यसाठ्याचे व वितरणाचेही केंद्र होते. केवळ भित्तिशिल्पे पाहून ही बाब लक्षात येत नाही.

जतनाचा प्रश्न

कायमची बंद राहावीत म्हणून खोदलेली थडगी आज पर्यटकांसाठी खुली आहेत. गर्दीच्या श्वासातील आर्द्रता व सोबत येणारी धूळ यांचा परिणाम भित्तिचित्रांवर होतो. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये दरीच्या वाटेवर पर्यटकांसाठी खुली झाली, ती या चिंतेतूनच. प्रतिकृतीमुळे मूळ थडग्यावरील ताण हलका होण्याची शक्यता आहे. परंतु पर्यटकाला 'खरे' थडगेच पाहायचे असते, हा पेच कायम राहतो.

निष्कर्ष

एका दिवसाच्या सहलीत सर्व काही पाहणे शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि देर अल-मदिना हे दरी व मंदिरे यांच्या दरम्यानच वसलेले असल्याने त्याचा समावेश करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या गावाला वगळले, तर थेबेसचा इतिहास राजांच्या मरणोत्तर वैभवापुरता उरतो. त्याला सहलीत स्थान दिले, तर ते वैभव कोणाच्या श्रमातून व कोणत्या धान्यावर उभे राहिले, हे समजते. इतिहासाच्या अभ्यास सहलीचे नियोजन करताना स्थळांच्या संख्येपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार अगोदर व्हावा, हेच यावरून सूचित होते.