उल्हासचं उन्हाळी पाणी

डोंबिवलीच्या निवासी विभागात आमच्या नळाला बारवी धरणाचं पाणी. शहरात राहणाऱ्या बहिणीकडे उल्हास नदीचं. पण उन्हाळ्यात उल्हास वाहते ती बरीचशी आंध्रा धरणाच्या जिवावर. मावळातलं ते पाणी 1922 पासून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून घाट उतरून नदीला मिळतं. विजेसाठी बांधलेलं धरण ठाण्या-कल्याणची तहान भागवतं, हे इथल्या कितीजणांना ठाऊक असेल?

नदी एक, उपसणारे अनेक. म्हणून पावसाळा सरला की पाटबंधारे खातं दोन्ही धरणांचा साठा बघून तो 15 जुलैपर्यंत पुरवण्याचा हिशेब मांडतं. तूट दिसली की सगळ्यांनाच कपात. 2016 च्या उन्हाळ्यात ती फार कडक होती. लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते त्याच एप्रिलात. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरी खडूने बंदचे वार लिहायचे. आदल्या रात्री पिंपं, कळशा, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचो. माझ्या मते कपात दिवाळीपासूनच थोडी थोडी करायला हवी, पण तेव्हा कोणाला ऐकायचं असतं!

पुढे बारवीची उंची वाढली आणि 2019 मध्ये धरण नव्या पातळीपर्यंत भरलं. त्यासाठी मुरबाड तालुक्यातली गावं उठली.