क्युस्ट्रीन: उंबरठे उरलेलं शहर

ओडर आणि वार्टा या नद्यांच्या संगमावर क्युस्ट्रीन हे प्रशियाचं किल्लेबंद शहर होतं. आज ते पोलंडमध्ये आहे, जर्मनीच्या अगदी सीमेवर.

१७३० साली युवराज फ्रेडरिकने बापाच्या जाचाला कंटाळून पळून जायचा बेत केला. तो फसला. युवराज इथे कैदेत पडला. त्याचा मित्र लेफ्टनंट काट्टे याला लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली होती. राजाने स्वतः ती बदलून देहदंड केला. ६ नोव्हेंबरला काट्टेचं शिर इथेच उडवलं. युवराजाने ते खिडकीतून बघावं, असा राजाचा हुकूम होता!

हाच फ्रेडरिक १७४० मध्ये राजा झाला. त्याने लगेच आरोपींचा छळ बहुतांशी बंद केला. पण त्याच वर्षी सायलेशियावर स्वारीही केली. म्हणजे बघा, दुःखाने माणूस शहाणा होतोच असं नाही. फार तर अर्धा होतो.

१९४५ च्या लढाईत जुनं शहर जमीनदोस्त झालं, ते पुन्हा बांधलंच नाही. आज तटबंदी, बुरुजातलं संग्रहालय, फरसबंद रस्ते आणि घरांचे उंबरठे तेवढे दिसतात. घरं मात्र नाहीत. राज्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या तटाने नेमकं काय राखलं, हा प्रश्न तिथे पडतोच.