वडगावच्या घरातले दोन संगणक

एका घरातल्या दोन संगणकांमध्ये फाइलींची देवाणघेवाण अडली, तर कारण बहुतेक वेळा या सोयीच्या इतिहासातच सापडते. ही सोय एका दमात घडलेली नाही. नाव, पत्ता, परवानगी, पहारा आणि लिपी असे थर एकेक करून चढत गेले आणि प्रत्येकाने आपली अडचण मागे ठेवली. बेळगावच्या दक्षिणेकडील वडगावात हे सगळे थर एकाच घरात भेटू शकतात. वडगाव, शहापूर, खासबाग हा विणकरांचा पट्टा. माग, सुताचा किंवा साड्यांचा व्यवहार आणि बिऱ्हाड इथे अनेकदा एकाच छपराखाली असते. अशा घरात खाली हिशोबाचा संगणक आणि माडीवर मुलांच्या अभ्यासाचा, अशी विभागणी झाली की एकाची फाइल दुसऱ्याला लागतेच.

सुरुवातीला फाइल माणसाच्या हातूनच जात असे. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. त्यापुढे सीडी आणि पेन ड्राइव्ह आले. तारेने जोडण्याची इथरनेट पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्येच मांडली होती. आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात एसएमबी ही फाइल वाटण्याची भाषा रचली. मायक्रोसॉफ्टने ती पुढे नेली आणि १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून ती साध्या संगणकांवर रुळली. त्या काळात संगणक एकमेकांना नावाने हाक मारत, आणि नाव १५ अक्षरांच्या आत बसवावे लागे. जाळ्यातला एक संगणक निवडणुकीने म्होरक्या ठरे. बाकीच्यांची यादी तो सांभाळी आणि ती काही मिनिटांच्या अंतराने ताजी होई. म्हणून नुकताच चालू केलेला संगणक दुसऱ्याच्या पडद्यावर लगेच दिसत नसे. पुष्कळांनी तेवढ्यावरून केबल बदलल्या, कार्डे बदलली. प्रत्यक्षात दोन तिरक्या रेघांपुढे पलीकडच्या संगणकाचे नाव टंकले की फोल्डर उघडत असे. ही युक्ती आजही पहिली करून पाहावी अशीच आहे.

नावानंतर पत्ता आला. विंडोज ९८ च्या काळात नेटबुई नावाची पत्त्याविना चालणारी पद्धत घरगुती जाळ्यांत सर्रास वापरात होती. २००१ च्या विंडोज एक्सपीने ती आपणहून बसवणे सोडले आणि जुना-नवा संगणक एकाच केबलवर असूनही अबोल राहू लागले. पुढे २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, घरोघरी मोडेम-राउटर बसले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते राउटरच वाटू लागला. वीज जाऊन आली की राउटर आपली जुनी नोंद विसरू शकतो आणि पत्ते नव्याने वाटतो. पत्त्यावर बेतलेला शॉर्टकट मग चालत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून काहीच मिळालेले नाही, हे त्यावरूनच कळते.

सर्वाधिक वेळ खाणारी अडचण मात्र परवानगीची. घरच्या संगणकाला पासवर्ड कशाला, असे म्हणून खाते मोकळे ठेवले जाते; एक्सपीपासून पुढे विंडोजचा मूळ नियम असा, की पासवर्ड नसलेले खाते समोर बसून उघडता येते, जाळ्यावरून नाही. अलीकडे पिन टाकून संगणक उघडायची सवय झाली. तो पिनही पलीकडून चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. परवानगीवर पहाराही बसला: एक्सपीच्या ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपणहून चालू केली. विंडोजच्या नंतरच्या आवृत्त्यांत घरचे वाय-फाय चुकून ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले, तर संगणक लपूनच बसतो.

२०१७ ने सगळे बदलले. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या फटीतून जगभर पसरला. ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. जूनअखेरीस नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तीच फट वापरली आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. १ जुलैला जीएसटी लागू होऊन लहान व्यापाऱ्याचाही हिशोब संगणकाकडे वळला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती येईनाशी झाली. एक्सपीवरचा हिशोबाचा फोल्डर नव्या संगणकाला दिसेना, तो यामुळे. ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण वर्षाच्या हिशोबापुढे तो धोका पत्करण्याजोगा नाही. फाइली नव्या संगणकावर हलवणे हाच खरा उपाय. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेली ‘होमग्रुप’ची सोपी वाटही २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली.

बेळगावसारख्या सीमाभागात लिपीचा एक थर आणखी असतो. फाइल सुखरूप पोहोचते, उघडते आणि वाचता येत नाही. बिल श्रीलिपी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सरकारी अर्ज कर्नाटकाच्या नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हींच्या जुन्या फाइलींत मराठी-कन्नड अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तोच फाँट पलीकडच्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात आणि दोष जाळ्याला दिला जातो. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० ने देवनागरी आणि एक्सपीने कन्नड लिपी मूळ प्रणालीतच आणली. तरी जुने दप्तर आपोआप बदलले नाही. ते रूपांतर करून घ्यावे लागते, आणि त्यात रफार व जोडाक्षरे तुटू शकतात म्हणून गिऱ्हाइकांची नावे व रकमा छापील प्रतीशी ताडून पाहाव्या लागतात.