मोगलीला पास लागत नव्हता

आज जरा मागे जाऊया. साल १९९३, रविवारची सकाळ आणि दूरदर्शन. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण मोगलीचं ते चड्डीवालं गाणं तुम्हाला माहीत असणार, पैज लावतो.

मी तेव्हा आठ वर्षांचा. आमचं घर भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. टीव्ही शेजारच्या काकूंकडे, ब्लॅक अँड व्हाइट. आम्ही दहा-बारा पोरं जमिनीवर मांडी घालून बसायचो आणि माझी आजी दाराजवळ टेकून. आजी जंगलालगतच्या गावची. लहानपणापासून मोहफुलं वेचलेली, तेंदूपत्ता तोडलेली. एका रविवारी मोगली झाडावर चढून फळं तोडत होता, तर आजी एकदम म्हणाली, "याले जंगलात जायले पास नाही लागत का रे?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. आजीला कार्टून कळत नाही, असं वाटलं मला.

मागच्या महिन्यात रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर त्याच मालिकेचे जुने भाग लावले. एक म्हणता म्हणता सहा पाहिले. आणि मोठेपणी पाहताना पहिला धक्का बसला तो मोगलीच्या हातातल्या बूमरँगचा. बूमरँग? सातपुड्यात? मग त्याचा तो छोटा दोस्त किची. तो आहे लाल पांडा, म्हणजे हिमालयातला प्राणी! लहानपणी यातलं काहीच खटकलं नव्हतं.

खटकण्याचं उत्तर सोपं आहे. ही मालिका जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९ मध्ये ती तिथल्या टीव्हीसाठी बनवली, एकूण ५२ भाग. आपल्याकडे ती हिंदीत आली तेव्हा गुलजारांनी गाणं लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली आणि शेरखानाला आवाज मिळाला आपल्या नाना पाटेकरांचा. त्या आवाजामुळे शेरखान आम्हाला परका वाटलाच नाही. भीती वाटायची, पण ओळखीच्या माणसाची वाटते तशी.

आता मूळ पुस्तकाकडे येऊ. लेखक रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. सहा वर्षांचा व्हायच्या आत त्याला इंग्लंडला पाठवलं. १८८२ मध्ये तो परत आला, लाहोरच्या वर्तमानपत्रात काम केलं, पुन्हा गेला. 'द जंगल बुक' लिहिलं ते अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. प्रसिद्ध झालं १८९४ मध्ये. जंगल मात्र सिवनीचं घेतलं, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलं, आपल्या नागपूरला लागून असलेलं. पेंचचं जंगल आज या दोन्ही जिल्ह्यांत पसरलंय.

आणि पहिल्याच गोष्टीत लिहिलंय की शेरखान राहतो 'वैनगंगा' नदीजवळ.

मंडळी, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं! वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे आमच्या भंडाऱ्यात येते. ज्या पाण्यात मी पोहायला शिकलो, ते शेरखानाच्या घरावरून आलेलं होतं. आणि मी समजत होतो, मोगलीचं जंगल कुठेतरी लांब, टीव्हीच्या आत आहे.

इथवर मजा आहे. आता आजीच्या प्रश्नाकडे येतो.

किपलिंगने मोगलीची एक गोष्ट 'जंगल बुक'च्याही आधी लिहिली होती. 'इन द रुख', १८९३. तिच्यात मोगली मोठा झालाय. जंगलात त्याची गाठ एका इंग्रज वन अधिकाऱ्याशी पडते. मग त्या अधिकाऱ्याचा जर्मन वरिष्ठ येतो आणि मोगलीला वनरक्षकाची नोकरी देऊ करतो. महिन्याला पगार, शेवटी पेन्शन. मोगली ती घेतो. म्हणजे लांडग्यांनी वाढवलेला, कुणालाही न विचारता जंगलभर फिरणारा पोरगा सरकारी नोकर होतो आणि त्याच जंगलावर पहारा देतो.

हे किपलिंगने हवेतून आणलं नव्हतं. इंग्रजांनी १८६४ मध्ये इथे वनखातं उभं केलं आणि त्याचे पहिले प्रमुख खरोखरच जर्मन होते, डिट्रिश ब्रँडिस. रेल्वेच्या रुळांखाली टाकायला लाकूड हवं होतं, प्रचंड हवं होतं. मग १८७८ चा कायदा आला. मोठमोठी जंगलं 'राखीव' झाली. लोक ज्याला पिढ्यानपिढ्या आपला हक्क समजत होते, ते लाकूडफाटा आणणं, गुरं चारणं, फुलं वेचणं, आता सवलत ठरलं. सवलत नसेल तर गुन्हा. सवलतीला परवानगी लागते आणि परवानगीला कागद. तोच आजीचा पास.

आजी शाळेत गेली नव्हती. किपलिंगचं नावही तिने ऐकलं नसेल. पण जंगलातून डोक्यावर भारा घेऊन येताना नाक्यावर थांबवलं की काय होतं, हे तिला माहीत होतं. एकदा भारा तिथेच टाकून ती रिकाम्या हाताने घरी आली होती, हे मला आईने खूप नंतर सांगितलं. त्या खोलीत कार्टूनमधली खरी गोम फक्त तिलाच कळली होती, आणि आम्ही सगळे तिला हसलो.

स्वतंत्र भारतातही ही व्यवस्था लगेच बदलली नाही. वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला पास लागतोच, आणि तो द्यायचा कुणी यावरून पुढे बराच वाद झाला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गडचिरोली म्हणजे पुन्हा आपली वैनगंगाच, आमच्यापासून खाली वाहत गेलेली.

ही बातमी ऐकायला आजी नव्हती. असती तर म्हणाली असती, "एका गावाले देल्लं, बाकीच्याइचं काय?" आणि तेही बरोबरच असतं.

मी अजूनही ते कार्टून आवडीने पाहतो. गाणं लागलं की आठ वर्षांचा होतो. फक्त आता मोगली फळ तोडतो तेव्हा माझी नजर दाराकडे जाते.

तर आजचं एक छोटं काम. घरात आजी-आजोबा असतील तर तुमच्या लहानपणचं एखादं कार्टून त्यांच्यासोबत बसून बघा. ते मध्येच काही बोलले तर हसू नका. विचारा, "असं का म्हणालीस गं?"