जेवराचा डबा आणि त्यातली वही

वर्सोव्याचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण किल्ल्यापासून सुरुवात करतो. खाडीपलीकडचा मढचा किल्ला पोर्तुगीजांचा, १७३९ साली तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ साली साष्टीबरोबर हा सारा मुलूख इंग्रजांकडे गेला. या इतिहासात किल्लेदार आहेत, गलबते आहेत, तह आहेत, बायका मात्र नाहीत. बहुतेकींच्या नावावर जमीन नव्हती, दप्तरात त्यांची सही नव्हती. जे काही निखळ त्यांचे म्हणून होते, ते कपाटातल्या एका डब्यात होते. तो डबा हेच त्यांचे दप्तर. ते दप्तर आपण कसे सांभाळले, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

वर्सोव्याच्या मूळ रहिवाशांकडेच आधी पाहू. सोनकोळी समाजात लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या दर्याला अर्पण करण्याची जुनी चाल होती. दर्याने तिच्या धन्याला सांभाळावे, ही त्यामागची भावना. त्या हातात मग चांदीचा दागिना येई. बांगडी म्हणजे नुसती शोभा नव्हे, ती समुद्राशी केलेला करार होती. मासळीची विक्री कोळिणीच्या हातात, पैसाही तिच्या हातात, म्हणून तिच्या अंगावरचे सोनेही तिच्या घामाचे. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका कोणता डाग कोणत्या हंगामात केला ते सांगतात.

याच कोळीवाड्याच्या शेजारी गेल्या काही दशकांत आपली माणसे येऊन राहिली. कोणी रत्नागिरी-रायगडातून, कोणी डोंगरी आणि मोहम्मद अली रोडच्या जुन्या मोहल्ल्यांतून, कोणी मराठवाड्यातून. यारी रोडच्या इमारतींत एकाच मजल्यावर कोकणी, दखनी आणि उत्तरेकडची कुटुंबे नांदतात. ज्याचा त्याचा डबा वेगळा. कोणाकडे कानाची पाळी भरून घालायच्या बाळ्या आणि पत्ते, कोणाकडे बुगडी आणि चंपाकळी, मराठवाड्यातल्या घरात काळ्या पोतीचा लच्छा. हा लच्छा शेजारणीच्या मंगळसूत्राचा सख्खा भाऊ. मराठी मुसलमान कोण, यावर आपण परिसंवाद भरवतो. त्याचे अर्धे उत्तर आपल्या बायकांच्या गळ्यात होते.

दागिना आणि आठवण यांचा संबंध आपल्याला परका नाही. बदरच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांमध्ये प्रेषित मुहंमद (स.) यांचे जावई अबुल आस होते. त्यांच्या सुटकेसाठी हजरत जैनब (र.) यांनी मक्केहून जो ऐवज पाठवला त्यात एक हार होता. तो हजरत खदीजा (र.) यांनी लेकीच्या लग्नात तिला दिलेला. तो हार पाहताच प्रेषितांना भरून आले. ओळखण्यासाठी कागद लागला नाही. साथीदारांच्या संमतीने कैदी सुटला आणि हारही परत गेला. तो ज्याने ओळखला, त्याला तो कोणी, कोणाला, कधी दिला हे ठाऊक होते. दुसरा प्रसंग हजरत आयेशा (र.) यांच्या हाराचा. प्रवासात तो हरवला आणि त्याच्या शोधासाठी सारा काफिला थांबला. जवळ पाणी नव्हते. त्याच प्रसंगी तयम्मुमची आज्ञा उतरली. तो हार त्यांनी बहीण अस्मा (र.) यांच्याकडून मागून आणलेला होता. मागून आणलेली वस्तू म्हणजे अमानत, ती शोधलीच पाहिजे, इतका काटेकोरपणा त्यात दिसतो.

मग आपल्या घरांतून जुने दागिने नाहीसे का झाले? एक कारण गरज. मुलाची फी, आजारपण, खोलीची पागडी, पासपोर्ट-व्हिसाचा खर्च, हे सारे त्या डब्यातून निघाले. ते निघालेच पाहिजे होते. दागिना अडीअडचणीसाठीच असतो. दुसरे कारण सरकारी. १९६२ च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने काढून दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. काही सवलती लवकरच मिळाल्या, १९६६ मध्ये ही अट उठली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच राहिले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात देशभर हजारो सोनार बेकार झाले. कारागीर गेला की त्याच्या हातची घडण जाते. तिसरे कारण आपल्याच माणसांची कमाई. सत्तरच्या दशकानंतर कोकणातले तरुण आखातात गेले आणि तिथले तयार सेट पेटीतून घरी आले. त्यापुढे आजीच्या लाख भरलेल्या वजनदार डागांना कोणी विचारीना. ते झवेरी बाजारात मोडीला गेले. शेख मेमन स्ट्रीटवर कोकणी मुसलमानांची जुनी जामा मशीद उभी आहे आणि त्याच रस्त्यावर हा बाजार आहे. तिथे किती पिढ्यांचे नक्षीकाम वितळले असेल!

वितळले ते वितळले. सोने दुसऱ्या रूपात राहिले असेल, पण डाग गेला आणि त्याची नोंदही गेली. नोंद ठेवणे आपल्याला जमत नाही असेही नाही. मुंबईच्या तय्यबजी घराण्याने एकोणिसाव्या शतकात ‘अखबार’ नावाच्या वह्या सुरू केल्या. घरात ती वही उघडी असे. लग्न, प्रवास, आजारपण, मेजवानी, जे घडेल ते घरातल्या स्त्रिया, पुरुष आणि मुलेही त्यात लिहीत. त्या वह्यांमुळेच त्या काळच्या मुसलमान स्त्रियांचे घरातले जग आज अभ्यासकांना दिसते. दुसरे उदाहरण हैदराबादच्या निजामाचे. मीर उस्मान अली खान यांनी १९५१ आणि १९५२ मध्ये आपल्या जडजवाहिराचे ट्रस्ट केले. पुढे वर्षानुवर्षे वाद चालले, पण अखेर १९९५ मध्ये केंद्र सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. हा ऐवज एकत्र टिकला, कारण तो आधीच कागदावर बांधलेला होता. निजामाकडे वकील आणि विश्वस्त होते. आपल्याकडे शंभर पानी वही आहे, आणि आपल्या डब्याला तेवढी पुरते.

ही वही आठवणींसाठी हवीच, पण त्याहून अधिक हक्कासाठी हवी. मेहर ही स्त्रीची मालमत्ता आहे. ढीगभर संपत्ती दिली असली तरी ती परत घेऊ नका, असे कुरआन बजावतो. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात, नवरा बायकोची मालमत्ता विकत असेल किंवा तिला त्यावरचा हक्क बजावू देत नसेल, तर ती क्रूरता धरली आहे आणि ते घटस्फोटाचे कारण आहे. १९८६ च्या कायद्यातले तिसरे कलम सांगते की तलाक झालेल्या स्त्रीला मेहर तर मिळावीच, शिवाय लग्नाआधी, लग्नात वा नंतर तिच्या नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्याने वा सासरच्यांनी जे दिले ते सारे तिचे आहे. शाहबानो प्रकरणानंतरच्या या कायद्यावर पुष्कळ वाद झाला आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा स्त्रीच्या बाजूने अर्थ लावला. पण मॅजिस्ट्रेट पहिला प्रश्न विचारतात, दिले काय होते? तिथे आपली मुलगी गप्प होते. लग्नाच्या फोटोत हार दिसतो, त्याचे वजन दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे. सासरहून येणारा चढावा हा हिबा, म्हणजे कायमचे दान, की आरियत, म्हणजे वापरायला दिलेली वस्तू? शरियतीत या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. लग्नाच्या दिवशी कोणी हा प्रश्न काढत नाही, काढला तर वाईट दिसते. तंटा झाला की दोन्ही घरे शपथा घेतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे सांगणाऱ्या धर्माची आपण माणसे, आणि लग्नातला सर्वांत मोठा व्यवहार मात्र तोंडी!

म्हणून वहीत प्रत्येक डागाला एक पान द्यावे. वर त्याचे घरातले नाव लिहावे. ‘नानीची चाँदबाली’ म्हणत असू तर तेच. मग तो कोणत्या खात्यातला ते लिहावे. खाती पाच पुरतात: मेहरचा, माहेरचा, सासरचा, वारशाचा आणि स्वतःच्या कमाईचा. त्यानंतर वजन, कस, घडणावळीची पावती, हॉलमार्क असेल तर तो. २०२१ पासून नव्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा होत गेला आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी ओळखक्रमांक सक्तीचा झाला. जुना डाग घरात ठेवायला मात्र हॉलमार्क लागत नाही. लाख भरलेला असेल तर तसे नमूद करावे, नाहीतर मोडताना वजनावरून भांडण होते. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. सासरच्या खात्यातल्या डागापुढे देणाऱ्याची सही घ्यावी. ती घेण्याचा योग्य दिवस निकाहचाच. शेवटी चार ओळी गोष्टीच्या: कोणी दिला, कशाच्या पैशातून, कधी मोडला, त्याचे पुढे काय झाले. मोडलेल्या डागाचे पान फाडू नये. ज्या पाटल्या विकून भाऊ इंजिनिअर झाला, त्या पाटल्यांचे पान तर आधी लिहावे.

या वहीचा जकातीलाही उपयोग होतो. कोकणी कुटुंबे शाफई, त्यांच्या मजहबात नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर सहसा जकात नाही. शेजारचे हनफी कुटुंब मात्र साडेसात तोळे, म्हणजे सुमारे ८७ ग्रॅम सोने झाले की अडीच टक्के काढते. शाफई-हनफी लग्ने आता पुष्कळ होतात. हिशेब कोणत्याही मजहबाने करा, वजन तर माहीत हवे. प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना मे १९९४ पासून आहे. त्यापलीकडे वारशाचा पुरावा आपणच द्यायचा असतो.

राहिली जपणूक. वर्सोव्याची हवा खारी आणि दमट, चांदी लवकर काळवंडते. प्रत्येक डाग वेगळ्या मलमलीत गुंडाळावा. वर्तमानपत्राचा कागद आणि रबर चांदीजवळ ठेवू नयेत. मोती आणि फिरोजा यांना अत्तर सोसत नाही, म्हणून आधी अत्तर आणि मग हार. लाखेचा डाग गरम पाण्यात बुडवू नये. आणि वहीची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे असावी. १९९२-९३ च्या दंगलीत जोगेश्वरीच्या वस्त्यांतून माणसे नेसत्या कपड्यानिशी निघाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांतल्या असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले आणि सरकारी दाखले, निकाहनामे भिजून लगदा झाले.

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. आता आईच्या पश्चात तिच्या डब्यावरून भावंडांत वाद होण्याची भीती अधिक. मुलीचा वाटा शरियतीने ठरवून दिला आहे, पण ‘अम्मीने ते आधीच सुनेला दिले होते’ या एका वाक्याने तो नाहीसा होतो. अम्मीने ते खरेच दिले असेल तर तिच्या हातचे दोन शब्द वहीत असतील. नसेल दिले तर तेही वही सांगेल. आपल्या घरात आज जी सर्वांत वयस्क स्त्री आहे, तिच्यापाशी या ईदला वही घेऊन बसावे. तिला लिहिता येत नसेल तर नातीने लिहावे, मराठीत, उर्दूत, कोकणीत, जशी ती बोलेल तसे. डाग किती उरले याची लाज धरू नये. एकच बाळी उरली असली तरी पहिले पान तिचे.