साठी, बुद्धी आणि कॅज्युअल्टी

'साठी बुद्धी नाठी' आपण सहज म्हणतो. पण १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तपासलेल्या ऑगस्टे डेटर ५१ वर्षांच्या होत्या, साठीच्या अलीकडे! १९०६ मध्ये डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूतले बदल मांडले, आणि हा वयाचा नव्हे, आजाराचा प्रकार आहे हे दिसले.

१९७५ मध्ये फोल्स्टीन यांची छोटी चाचणी आली. तीत वाक्य लिहावे लागते. निरक्षर आजी काय लिहिणार? म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला हिंदी चाचणी बेतली गेली.

आपल्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. १०८ रुग्णवाहिका २०१४ मध्ये आली. कॅज्युअल्टीत आजोबा येतात ते पडले म्हणून, शुगरची गोळी दोनदा घेतली म्हणून. जखमेला टाके पडतात, विसराळूपणा तसाच घरी जातो. असे वर्षात दोनदा झाले, तर तिथल्या डॉक्टरांना सांगा: गोळ्या कोण देते, ओळखीची वाट चुकते का, पैशांचा हिशेब जमतो का.

गोंधळ दोन दिवसांतच वाढला असेल, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम पाहतात. तो उतरल्यावर काही आठवड्यांनी स्मरणशक्ती तपासून घ्या. सोबत बी-१२ आणि थायरॉईडही.