कल्याणच्या बत्तीस थाळ्या आणि एका लयीचा प्रश्न

घाटकोपर किंवा मुलुंडहून गाडीत बसले की तासाभरात कल्याण येते. या गावाजवळ १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओखगोल गटाने आपली पहिली दुर्बीण उभारली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

दुर्बिणीच्या ६ फूट व्यासाच्या ३२ थाळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप यांनी त्यांवर काम केले होते. तेथे त्यांची गरज संपली, तेव्हा त्या भारताला मिळाव्यात अशी विनंती त्यांनी केली. १९६३ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून स्वरूप मुंबईला आले आणि थाळ्यांना कल्याणला जागा मिळाली. २४ थाळ्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर, ८ थाळ्या दक्षिणोत्तर २५६ मीटरवर. लक्ष्य सूर्य, वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. एवढ्या लांबीमुळे अंशाच्या सुमारे विसाव्या भागाइतके बारकावे दिसू शकतात. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे, म्हणजे बारकाव्याच्या दसपट.

पण अट एकच: साऱ्या थाळ्यांनी एका लयीत चालले पाहिजे. इथेच वारंवारतेच्या गुणाकाराचा संबंध येतो.

थाळीने टिपलेला क्षीण संदेश हाताळायचा तर त्यात स्थानिक कंपने मिसळून वारंवारता खाली आणतात. समजा, ६१० मध्ये ६४० मेगाहर्ट्झ मिसळले, तर ३० मेगाहर्ट्झचा फरक मिळतो. हे ६४० आणायचे कोठून? स्थिर कंपनांसाठी क्वार्ट्झचा स्फटिक उत्तम. पण नेहमीच्या कापाच्या स्फटिकात १० मेगाहर्ट्झसाठी पापुद्रा सुमारे ०.१७ मिलिमीटर जाडीचा लागतो. ६४० साठी तो याच्या चौसष्टाव्या भागाइतका पातळ हवा. म्हणून त्या काळी स्फटिक १० चा घेत आणि सहा वेळा दुप्पट करीत: २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०.

दुप्पट कसे करतात? झोपाळा आठवा. दर दुसऱ्या हेलकाव्याला एकच झटका दिला तरी झोपाळा आपल्याच गतीने झुलत राहतो. म्हणजे झटक्यांच्या दुप्पट वारंवारता मिळाली! व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर असेच थोडक्यात झटके देतो आणि कॉइल-कपॅसिटरची जोडी झोपाळ्याचे काम करते. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोही मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचाच. अशा पटींना हार्मोनिक म्हणतात. हवी ती पट निवडणे हे परिपथाचे काम.

मात्र हा व्यवहार फुकट होत नाही. सी. एच. पेज यांनी १९५६ मध्ये दाखवले, की रोधासारखा वागणारा डायोड वापरल्यास n पट वारंवारतेला शक्तीचा फार तर १/n² भाग मिळतो. दुपटीला पाव. सहा पायऱ्यांत उरतो ४०९६ वा भाग! त्याच वर्षी मॅन्ले आणि रो यांनी दाखवले, की व्होल्टेजबरोबर धारिता बदलणारा आदर्श कपॅसिटर सगळी शक्ती पुढे देऊ शकतो. व्हॅरॅक्टर डायोड हे त्याचे प्रत्यक्ष रूप. समजा, प्रत्येक पायरीला ७० टक्के मिळाले, तर सहा पायऱ्यांनंतर सुमारे आठवा भाग उरतो. फरक केवढा!

दुसरा धोका अधिक चोरटा. गुणाकार वारंवारतेचा होतो, तसाच चुकीचाही. १० मेगाहर्ट्झला कलेत १ अंशाची चूक असेल, तर ६४० ला ती ६४ अंशांची होते. दोन थाळ्यांचे संदेश इतके मागेपुढे झाले, तर बेरजेतील जवळजवळ २८ टक्के शक्ती जाते. १८० अंशांना काहीच उरत नाही. मग गुणाकार करायचा कोठे? मध्यभागी केला, तर परिपथाची चूक सर्वांना सारखी वाटली जाते आणि निरुपद्रवी ठरते. पण उच्च वारंवारता केबलमध्ये लवकर क्षीण होते. प्रत्येक थाळीपाशी केला, तर उन्हाने प्रत्येक परिपथ आपापल्या परीने बिघडतो. केबलच्या लांबीतील फरकाची शिक्षा तर दोन्हीकडे सारखीच. त्यावर उपाय म्हणून स्वरूप आणि यांग यांनी स्टॅनफर्डला असताना, १९६१ मध्ये, संदेश थाळीपर्यंत पाठवून परत आणायचा आणि त्यावरून कला मोजायची अशी पद्धत सुचवली होती.

पुढे उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० मध्ये आली, आणि नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जीएमआरटी. थाळ्या २५ किलोमीटरवर पसरल्या, तरी प्रश्न तोच राहिला. सूक्ष्मतरंगांच्या कामाची दुसरी शाखा उपनगरातच आहे: टाटा संस्थेतील कामातून उगवलेली समीर ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली, ती पवईला आयआयटीच्या आवारात.

वर्गात हा पाठ घेताना आम्ही सुचवू, की आधी मुलांना झोपाळ्यापाशी न्यावे. दर दुसऱ्या, मग दर तिसऱ्या हेलकाव्याला झटका द्यायला सांगावे. तिसऱ्याला झोपाळा जास्त मंदावतो, हे हातालाच कळते. मग सूत्र फळ्यावर लिहावे.